नखांना रंग लावण्यापूर्वी



गेल्या पावसाळ्यात रोवणी आटोपल्यावर आपल्याकडे आरोग्य तपासणी झाली. त्या वेळी सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी आली. चालताना धाप लागते, अशी तिची तक्रार होती. तपासणाऱ्या सिस्टरने सवयीप्रमाणे आधी तिचा हात हातात घेतला. दहाही नखांवर गडद जांभळा रंग होता. नखे पाहून अंगात रक्त कमी आहे की काय याचा अंदाज येतो, तो येथे येईना. बोटाला चिमट्यासारखे लावून ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र असते, त्याच्या आकड्याचाही भरवसा धरता येईना, कारण गडद रंगामुळे ते चुकू शकते. शेवटी सिस्टरने रंग पुसायला लावला. खालची नखे पांढरीफटक निघाली. रक्त तपासले तेव्हा ते फारच कमी भरले. उपचार वेळेवर झाले आणि मुलगी आता बरी आहे.

तिच्या आईने मला हळूच विचारले, "फादर, हा रंग लावणे वाईट आहे का?" तिच्या मनात पापाची भीती होती. मी म्हणालो, "बाई, सणावाराला नटण्यात पाप नाही. पण बाटलीत काय आहे ते न पाहता लावणे शहाणपणाचे नाही." त्या उत्तराचा खुलासा आज या पानावर करतो.

बाटलीत काय असते?

शेतकऱ्याला हे समजायला जड जाऊ नये. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा आणि सर्वांत कमी विषारी हिरवा. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. तेव्हापासून डब्यावरचे वाचा, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नका, हातमोजे घाला, असे आपण एकमेकांना सांगतो. नखांचा रंग काही कीटकनाशक नव्हे, दोघांची बरोबरी करता येणार नाही. पण तोही रसायनांचाच बनलेला आहे आणि त्याच्या बाटलीवर त्रिकोण नसतो.

या रंगाचा पाया नायट्रोसेल्युलोज नावाच्या पदार्थाचा असतो. कापसासारख्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून तो बनवतात. तो पातळ राहावा म्हणून त्यात लवकर उडून जाणारे द्रावक घालतात. बाटली उघडताच जो उग्र वास येतो तो त्यांचाच. रंग तडकू नये म्हणून लवचिकपणा देणारे द्रव्य आणि नखाला चिकटून राहावा म्हणून राळेसारखा पदार्थ घालतात. यातील चार नावे लक्षात ठेवण्याजोगी आहेत.

पहिले टोल्युइन. हे रंगाच्या थिनरमध्येही असते. बंद खोलीत त्याची वाफ घेतल्यास डोके दुखते, चक्कर येते. गरोदरपणात त्याची वाफ फार प्रमाणात घेतली गेल्यास पोटातील बाळाला अपाय होतो.

दुसरे फॉर्मल्डिहाइड. शाळेच्या प्रयोगशाळेत बेडूक ज्या फॉर्मलिनमध्ये ठेवतात, ते याचेच पाण्यातील द्रावण. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये हे माणसात कर्करोग निर्माण करणारे द्रव्य असल्याचा निर्वाळा दिला.

तिसरे डायब्युटाइल थॅलेट. प्राण्यांवरील प्रयोगांत गर्भातील नरांच्या जननेंद्रियांच्या वाढीवर त्याचा वाईट परिणाम दिसला. युरोपीय संघाने २००४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांत ते वापरण्यास मनाई केली.

चौथे ट्रायफिनाइल फॉस्फेट. तिसऱ्यावर बंदी आल्यावर अनेक कारखान्यांनी हे वापरायला घेतले. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नखे रंगवल्यावर दहा ते चौदा तासांनी स्त्रियांच्या लघवीत या द्रव्याची खूण जवळजवळ सातपट वाढलेली आढळली. त्याच स्त्रियांनी हातमोजे घालून खोट्या नखांना रंग लावला तेव्हा तशी वाढ झाली नाही. म्हणजे ते मुख्यतः वासावाटे नव्हे, तर बोटांवाटेच अंगात शिरले होते. नख दगडासारखे कोरडे दिसते, पण ते आणि त्याभोवतीची कातडी पूर्ण बंद दार नाही.

धोका कोणाला?

नाताळला एकदा नखे रंगवणाऱ्या बाईने घाबरून जाण्याचे कारण नाही. जपायचे ते पुढील लोकांनी. एक, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता. दोन, नखे चावणारी व बोटे तोंडात घालणारी लहान मुले. तीन, दिवसभर ब्यूटी पार्लरमध्ये काम करणाऱ्या मुली. आपल्या धर्मग्रामातील काही मुली बालाघाट, गोंदिया आणि नागपूरला हे काम करतात. खाणीत काम करणाऱ्या माणसाला धुळीपासून कसे जपावे हे मलाजखंडात कोणाला शिकवावे लागत नाही. तीच काळजी या मुलींनी वाफेपासून घ्यावी. खिडकी उघडी ठेवावी, पंख्याचा वारा वाफ बाहेर नेईल असा असावा, हातमोजे घालावेत.

काहींना या रंगाची ॲलर्जी होते. गंमत अशी की ती बोटांवर न दिसता पापण्यांवर आणि मानेवर दिसते, कारण आपला हात दिवसभर तिकडे जात असतो. पापण्या सारख्या सुजत असतील तर डॉक्टरांना नखांच्या रंगाबद्दल अवश्य सांगावे. दिव्याखाली वाळवून पक्का करण्याचा जेल रंग आला आहे, त्यातील द्रव्यांची ॲलर्जी एकदा जडली की बहुधा जन्मभर राहते. त्यापैकी टीपीओ नावाच्या एका द्रव्यावर युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी घातली आहे.

आणखी एक धोका आपल्या घरातलाच आहे. रंग आणि तो पुसण्याचे ॲसिटोन, दोन्ही भडकन पेटतात. ॲसिटोनची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत चुलीपर्यंत पोहोचते. म्हणून चूल, कंदील किंवा देवापुढची मेणबत्ती पेटलेली असताना हे काम करू नये.

काय पाहून घ्यावे?

आठवडी बाजारात दहा-वीस रुपयांना मिळणाऱ्या बाटलीवर पुष्कळदा नुसते चित्र असते. आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापरण्याची शेवटची तारीख असणे आवश्यक आहे. हे नसेल ती बाटली घेऊ नये. अकोल्यात एका घरातील आई व मुलींनी स्थानिक पातळीवर मिळालेले गोरेपणाचे क्रीम वापरले आणि त्यांच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा त्या क्रीममध्ये पारा निघाला. २०२३ च्या सुरुवातीला ही गोष्ट वर्तमानपत्रांत आली होती. वस्तू निराळी असली तरी धडा तोच आहे.

लहान बाटलीवर घटकांची यादी नेहमी सापडत नाही. सापडली तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वरील चार नावे शोधून घ्यावीत. "तीन विषांपासून मुक्त" अशा जाहिरातीवरही डोळे झाकून विसंबू नये. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारी खात्याने २०१२ मध्ये अशा बाटल्या तपासल्या, तेव्हा टोल्युइन नसल्याचा दावा करणाऱ्या बारांपैकी दहांत ते निघाले.

मग पर्याय कोणता?

१. कुंपणाची मेंदी सर्वांत बरी. पाने घरी वाटावीत. बाजारातील काळ्या मेंदीत केस काळे करण्याचे तीव्र रसायन मिसळलेले असते, त्याने कातडीला फोड येतात, ती नको. तान्ह्या बाळाला मात्र साधी मेंदीही लावू नये. काही बाळांच्या रक्तात जन्मजात एक दोष असतो, त्यांच्या तांबड्या पेशी मेंदीने फुटतात.

२. पावसाळ्यात अंगणात फुलणारा तेरडा, म्हणजे आपली गुलमेंदी. कोरिया देशात मुली त्याची फुले तुरटीबरोबर वाटून रात्री नखांना बांधतात. सकाळी नखे केशरी होतात.

३. बाटलीतलाच रंग हवा असेल तर अंगणात बसून लावावा, कातडीला लागू देऊ नये, आणि मधूनमधून काही आठवडे नखे मोकळी ठेवावीत. बाटल्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा उंच जागी ठेवाव्यात.

४. रोवणी आणि फवारणीच्या दिवसांत नखे आखूड व बिनरंगी असावीत. चिखलात नखुरडे होते, ते रंगाखाली दिसत नाही. लांब नखांत अडकलेले औषध भाकरीबरोबर पोटात जाते.

५. दवाखान्यात, बाळंतपणाला किंवा शस्त्रक्रियेला जाताना रंग पुसून जावे. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी आपल्याच मध्य प्रदेशात, शहडोल येथे सुरू झाली. ज्या घरात हा आजार आहे तेथे नखांचा खरा रंग रोज दिसलेला बरा.

संत पौलाने आपल्या शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले आहे. मंदिर सजवायला कोणाची हरकत नाही, पण त्याची खिडकी रंगाने बुजवू नये. त्या मुलीच्या आईने घरी जाऊन काय केले ते पुढच्या रविवारी मला कळले. मिस्सेनंतर मुलीने हात पुढे केला. तळहातावर मेंदी होती आणि नखे मोकळी होती. त्यांत आता थोडी लाली आली होती.

आपला,
धर्मगुरू