वऱ्हाडांतील कुरणें आणि त्यांचे राखणदार

हिवरखेड हें अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यांतील, सातपुड्याच्या पायथ्याचें गांव. दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्याची काळी जमीन पसरलेली, तर उत्तरेस मेळघाटाचे डोंगर चढत गेलेले. या दोहोंच्या मध्यें ज्या बरड, मुरमाड जागा आहेत, तेथें नांगर नीट चालत नाहीं. तेथें वाढतें तें गवत. वऱ्हाडांत अशा कित्येक जमिनी ‘ई-क्लास’ म्हणून सरकारी दप्तरांत नोंदलेल्या आहेत. दप्तराच्या भाषेंत त्या ‘पडीत’. आणि या एका शब्दानें त्यांचें जितकें नुकसान केलें, तितकें अवर्षणानेंहि केलें नसेल.

वस्तुतः कुरण हें पडीत नव्हे. मारवेल, पवन्या, कुसळी, तिखाडी हीं गवतें बहुवर्षायु आहेत. उन्हाळ्यांत तीं वाळलेलीं दिसतात. परंतु त्यांचा जीव मुळांत असतो. मृगाचा पाऊस पडतांच त्याच मुळांतून कोंब फुटतात. मुळांचें दाट जाळें मातीस धरून ठेवतें आणि पाणी जमिनींत मुरवितें. कोंब कोंवळे असतांनाच गुरें चरलीं, तर मुळांतील सांठा संपतो आणि चांगलीं गवतें मरून निकृष्ट तण माजतें. म्हणूनच पावसाळ्याच्या आरंभीं कुरणास विसांवा द्यावा आणि बीं झडल्यावर कापणी करावी, ही जुनी चाल शास्त्रास धरूनच आहे.

या गवतावर जगणारीं माणसेंहि अनेक आहेत. गांवचीं गुरें आखरावर जमवून रानांत नेणारा गायकी, मेंढरें घेऊन फिरणारा धनगर, दोन शेळ्यांवर संसार चालविणारी भूमिहीन विधवा, या सर्वांस कुरण म्हणजे विनाभाड्याची शेतीच होय. तें नाहींसें झालें, तर श्रीमंत शेतकरी कडबा विकत घेईल. विधवेस मात्र शेळ्या विकाव्या लागतील.

फांसेपारध्यांची कथा याहून निराळी आहे. ज्या कायद्याचा आरंभ १८७१ सालीं झाला आणि जो १९५२ सालीं रद्द झाला, त्या कायद्यानें त्यांच्या कपाळीं गुन्हेगारीचा शिक्का मारला. पुढें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारहि बंद झाली. परंतु गवतांतील पांखरांविषयींचें त्यांचें ज्ञान कोणीं हिरावून घेतलें नव्हतें. पावसाळ्यांत दाट गवतांतून उंच उड्या मारणारा तणमोर कोठें उतरतो, हें पारध्यास ठाऊक असतें. हा पक्षी इतका विरळ झाला आहे कीं, २०२१ सालीं त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत करण्यांत आली. अकोला जिल्ह्यांत बार्शीटाकळी तालुक्यांतील वडाळा येथील फांसेपारध्यांनीं ‘संवेदना’ या संस्थेच्या साह्यानें कुरणें राखण्याचें काम हातीं घेतलें. चराई व वणवा यांस आळा घालणें, हीं त्या कामाचीं मुख्य अंगें. जे कालपर्यंत फांसे लावीत, तेच आज राखणदार झाले.

येथें एक सावधगिरी अवश्य आहे. झाडें लावणें हें पुण्य खरें. परंतु चांगल्या कुरणांत खड्डे खणून रोपें लावणें म्हणजे एक संपत्ति मोडून दुसरीची आशा धरणें होय. सावली दाट झाली कीं उन्हाचीं गवतें मरतात आणि तणमोराचें घरहि जातें. तसेंच, कुंपण घालून गुराख्यास हांकलून देणें हाहि उपाय नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्यानें वनजमिनीवरील सामुदायिक चराईचे हक्क मान्य केले आहेत. त्या हक्काबरोबर राखणीची जबाबदारीहि येते.

कुरणाचा अभ्यास करावयाचा, तर केवळ गवतांचीं नांवें टिपून भागत नाहीं. कोण, कोणत्या महिन्यांत, किती गुरें नेतो, कापणी कोण करतो, वाद झाल्यास निवाडा कोण देतो, हेंहि विचारलें पाहिजे. संयुक्त राष्ट्रसंघानें २०२६ हें वर्ष चराऊ रानें व पशुपालक यांचें म्हणून ठरविलें आहे. जगाचें लक्ष वळेल तेव्हां वळो. गांवाच्या ग्रामसभेनें आपलें कुरण कोणतें आणि त्याचा विसांवा कोणता, एवढें जरी ठरविलें, तरी पुढच्या मृगास गवत उगवेल.