क्लिक क्लिक... आणि मग ‘क्लिक’ झालं!

शाल, श्रीफळ, समोसा-वेफर्सच्या प्लेट्स आणि हळूच डोळे पुसणारे खाकी शर्टातले काका. ३३ वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून काम केलेल्या माझ्या बाबांचा निरोप समारंभ होता. आणि फोटोग्राफर कोण? अर्थातच मी! मास कॉमची डिग्री, ईएमआयवर घेतलेला डीएसएलआर, नेटवर पाहिलेली ढीगभर ट्युटोरियल्स... माझा रुबाब तर विचारूच नका.

रात्री घरी येऊन २१२ फोटो लॅपटॉपवर टाकले आणि पोटात गोळाच आला. बाबा हललेले, हार घालणारे साहेब हललेले, टाळ्या वाजवणाऱ्या हातांचं तर नुसतं धुकं. धड निघाले तीन. त्यातले दोन समोशांचे!

बाबा एवढंच म्हणाले, ‘‘जाऊ दे गं, स्टोअरवाल्या काकांच्या मोबाइलमध्ये आलेत की.’’ आज आमच्या हॉलमध्ये तो मोबाइलवाला फोटो लावलेला आहे. आणि माझा ईएमआय अजून चालू आहे.

पण चुकलं कुठे?

मी काही आळशी नव्हते हं. रोज रात्री तासभर नेटवर असायचे. पण बघत काय होते? या लेन्सची त्या लेन्सशी मारामारी, ‘दहा टिप्स’, ‘पाच चुका’. नाहीतर इन्स्टाग्रामवर कुणाचा तरी सिंहगडावरचा सूर्योदय. लाइक करायचं, रविवारी गडावर जायचं आणि डिट्टो तोच अँगल मारायचा. तुमचंही असंच चालतं ना? खरं सांगा!

अशाच एका टिपेत वाचलं होतं, आयएसओ वाढवू नका, फोटोत दाणे येतात. झालं! मी ४०० वर चिकटून बसले.

त्या रात्री मी पहिल्यांदा माझ्याच फोटोंची जन्मपत्रिका उघडली. प्रत्येक डिजिटल फोटोच्या पोटात कॅमेरा सगळी सेटिंग्ज लिहून ठेवतो, त्याला एक्झिफ डेटा म्हणतात. माझ्या पत्रिकेत होतं, ॲपर्चर एफ ५.६, आयएसओ ४००, शटर १/१५ सेकंद. म्हणजे ट्यूबलाइटच्या मंद उजेडात पुरेसा प्रकाश मिळावा म्हणून कॅमेऱ्याने शटर तेवढा वेळ उघडं ठेवलं, आणि तेवढ्यात माणसं हलली. आयएसओ दुप्पट केला की शटरचा वेळ निम्म्यावर येतो. ४०० चा ८००, मग १६००, मग ३२००... शटर थेट १/१२५ वर! फोटो दाणेदार आला असता, पण बाबा दिसले असते. दाणे सॉफ्टवेअरमध्ये बरेच कमी करता येतात. इतका हललेला चेहरा काही परत मिळत नाही.

सर, पण का?

टिप्स सांगणारे हजार, ‘का’ सांगणारे मोजकेच. मला भेटले मार्क लेव्हॉय. स्टॅनफर्डचे निवृत्त प्रोफेसर आणि गुगलच्या पिक्सेल फोनच्या कॅमेऱ्यामागचं एक मोठं नाव. २०१६ मध्ये त्यांनी गुगलच्या कर्मचाऱ्यांना डिजिटल फोटोग्राफीवर १८ लेक्चर्स दिली. ती सगळी व्हिडिओवर फुकट आहेत. मध्येमध्ये गणित येतं, तेव्हा मी सरळ चहा करायला उठते. पण लेन्स, सेन्सर आणि प्रकाश यांचं जे भांडण चालतं ना, ते त्यांच्याइतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नाही.

पुढची पायरी, दुसऱ्यांच्या पत्रिका बघणं. इन्स्टाग्रामवर फोटो दिसतो, सेटिंग्ज दिसत नाहीत. २००४ मध्ये सुरू झालेलं फ्लिकर इथे अजूनही कामाला येतं. बऱ्याच फोटोंखाली कॅमेरा, लेन्स, शटर, आयएसओ सगळं लिहिलेलं असतं. माझा खेळ सोपा आहे. आधी अंदाज करायचा, मग खाली बघायचं. सुरुवातीला दहातले आठ चुकायचे. आता चार-पाच चुकतात!

रिजेक्ट झालेले फोटो

पण सेटिंग्ज म्हणजे फोटो नव्हे. नेमकं काय टिपायचं, हे कुठे शिकायचं? उत्तर सापडलं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर. १९३० च्या मंदीत तिथल्या सरकारने फोटोग्राफर्सना गावोगाव पाठवलं होतं. त्या संग्रहाच्या दीड लाखाहून जास्त निगेटिव्ह तिथे जपून ठेवल्यात आणि घरबसल्या बघता येतात.

डोरोथिया लँगचा ‘मायग्रंट मदर’ तुम्ही पाहिलाच असेल. हाताला हनुवटी टेकलेली आई आणि तोंड फिरवून तिला बिलगलेली मुलं. १९३६, कॅलिफोर्निया. माझ्यासाठी खरी गंमत म्हणजे त्याच भेटीतल्या बाकीच्या फ्रेम्सही तिथे आहेत. एका फ्रेममध्ये अख्खा तंबू दिसतो. दुसरीत लँग जवळ आलेली असते. आणखी एकीत अजून जवळ. म्हणजे इतकी मोठी फोटोग्राफरसुद्धा एका क्लिकमध्ये तिथे पोहोचली नव्हती!

त्याच संग्रहात काही फोटोंवर चक्क काळा गोल भोक दिसतं. या कामाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर नापसंत निगेटिव्ह पंच मारून बाद करायचे. बाद झालेले ते फोटो बघून मला माझ्या २१२ फोटोंबद्दल जरा बरं वाटलं.

आणि आपल्या मातीतलं हवं असेल तर ‘पारी’, म्हणजे पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया. मजकूर मराठीतही आहे. राबणाऱ्या बायकांवरचं साईनाथ यांचं फोटोप्रदर्शन तिथे पूर्ण बघता येतं. कामात बुडालेला माणूस कॅमेऱ्याकडे बघत नसला तरी फोटो बोलतो, हे मी तिथे शिकले.

ऑफिस करून जमेल असा फंडा

• रोज एकच फोटो, पण पाच मिनिटं. उजेड कुठून येतोय ते शोधा.
• स्वतःच्या फसलेल्या फोटोची पत्रिका उघडा. डिलीट नंतर करा.
• आठवड्याला एकच लेक्चर. दुसरं लावण्याआधी पहिलं हातात कॅमेरा घेऊन करून बघा.
• सूर्योदयाला सुट्टी द्या! घरातलं किंवा गल्लीतलं एकच माणूस निवडून त्याचे चाळीस फोटो काढा. लांबून सुरुवात, हळूहळू जवळ.

मी निवडलं बाबांना. रिटायर झाले तरी पार्किंगमध्ये कुणाची ना कुणाची स्कूटर उघडून बसलेलेच असतात. आधी अख्खं पार्किंग घेतलं, मग बाबा आणि स्कूटर, मग फक्त हात. नखांत ग्रीस, बोटांत पाना. बाबा वैतागले, ‘‘अगं, हात काय काढतेस? तोंड काढ ना!’’

तरी तोच फोटो त्यांनी डेपोच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. संध्याकाळी स्टोअरवाल्या काकांचा फोन, ‘‘पोरी, आमचे पण काढ की!’’

या रविवारी पहाटे रात्रपाळी सुटायच्या वेळेला डेपोबाहेरच्या चहाच्या टपरीवर जाणार आहे. उजेड कमीच असेल. असू दे, आता आयएसओला कोण घाबरतंय!