यार आला की आली?

रमजानमध्ये तरावीहच्या नमाजेत मुखोद्गत कुराण ऐकवणाऱ्या हाफिजसाहेबांविषयी अकलूजकरांना वेगळे सांगायला नको. फारसीचा लाडका प्रेमकवी, शिराजचा शम्सुद्दीन मुहम्मद, हाही असाच कुराण पाठ असलेला. म्हणून त्याने ‘हाफिज’ हेच टोपणनाव घेतले. 14व्या शतकातल्या या कवीला बहमनी सुलतानाने दख्खनला बोलावले होते. हुर्मुझला तो जहाजावर चढलाही, पण वादळाला भिऊन परत फिरला, असे विजापूर दरबारचा इतिहासकार फरिश्ता सांगतो. हाफिज आला नाही. त्याच्या गझला मात्र आल्या.

त्यांचे भाषांतर करायला बसले की पहिल्याच ओळीत अडते. फारसीत ‘तो’ आणि ‘ती’ यांना एकच शब्द आहे, ‘ऊ’. क्रियापदालाही लिंग नाही. ‘यार आमद’ म्हणजे यार आला आणि यार आलीसुद्धा. हा यार माणूस की अल्लाह, हेही कवी उघड करत नाही. रोजेदाराला त्यात इबादत दिसते, तरुणाला प्रेमपत्र, आणि दोघांचेही चुकत नाही.

विल्यम जोन्सने 1771 मध्ये हाफिजच्या ‘शिराजी तुर्का’ची इंग्रजीत सरळ तरुणी केली. कविता गोड झाली, गाजली; पण मुळातले एक दार बंद झाले. उर्दू गझलेने मधली वाट काढली. तिथे यार बहुधा पुल्लिंगी असतो, मग ज्याला जे समजायचे ते त्याने समजावे. मराठीत हे जमत नाही. ‘तो आला’ म्हटले की मराठी कानाला बोलणारी स्त्रीच वाटते. ‘पाखरू आलं’ म्हणून सुटका करून घ्यावी, तर गझल थेट लावणीच्या फडावर पोचते!

अर्थ मात्र आपल्याला परका नाही. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत बोलते ती विरहिणी, आणि ओढ असते ती देवाची. ज्या गावात तुकोबांच्या पालखीचे रिंगण होते, तिथे हे समजावून सांगावे लागत नाही. अडचण आहे ती व्याकरणाची.

मराठीत या कामाला खरी जिद्दीची माणसे मिळाली, त्यांत माधव जूलियन म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन यांचे नाव पहिले. ते फारसीचे प्राध्यापक. त्यांनी 1925 मध्ये फारसी-मराठी कोश सिद्ध केला. उमर खय्यामच्या रुबाया त्यांनी 1929 मध्ये मूळ फारसीवरून मराठीत आणल्या. दोनच वर्षांनी फिट्झजेरल्डच्या इंग्रजीवरून ‘द्राक्षकन्या’ केली. फारसीत मद्याला वेलीची मुलगी म्हणतात. निदान तिथे तरी लिंगाचा प्रश्न नव्हता. एवढ्यावरही त्यांचे समाधान झाले नाही. 1939 मध्ये ते गेले आणि खय्यामचे त्यांनी केलेले तिसरे मराठी रूप, ‘मधुलहरी’, पुढच्या वर्षी छापून आले.