सरळ रेघा आणि वाकडे पाणी

अमेरिकेच्या पश्चिमेकडचा गुराख्यांचा मुलूख आपल्याला ठाऊक असतो तो चित्रपटांतून: घोडा, रुंद काठाची हॅट आणि कमरेला पिस्तूल! पण त्या मुलखातली खरी झुंज पाण्यासाठी होती. ती अचूक ओळखली जॉन वेस्ली पॉवेल या नकाशांच्या माणसाने.

यादवी युद्धात १८६२ साली पॉवेलचा उजवा हात गेला. तरी १८६९ मध्ये हा पठ्ठ्या लाकडी होड्या घेऊन कोलोरॅडो नदीच्या खोल दऱ्यांतून पार झाला. १८८१ पासून तो अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा प्रमुख होता.

सरकारचा कारभार मात्र सरळ रेघांचा. जमिनीचे चौकोन पाडायचे आणि १८६२ च्या कायद्याप्रमाणे एकेका कुटुंबाला १६० एकर द्यायचे. पूर्वेकडच्या ओल्या प्रदेशात हे निभावले. पण शंभराव्या पश्चिम रेखावृत्तापलीकडे बहुतेक ठिकाणी पाऊस वर्षाला वीस इंचांच्या आत. तिथे एवढ्या चाऱ्यावर संसार कसा चालणार? शिवाय ओढा ज्याच्या चौकोनात आला तो राजा. शेजाऱ्याचे कुरण पाण्यावाचून फुकट!

पॉवेलने १८७८ च्या अहवालात सुचवले, की गुरे पाळणाऱ्याला २,५६० एकर द्या आणि हद्दी अशा आखा, की प्रत्येकाला पाणी लाभेल. पुढे तर कारभाराचे विभागच पाणलोटांप्रमाणे पाडा, असे तो म्हणू लागला.

त्यासाठी नकाशे हवेत. मोजणीदार तिपाया आणि फळे घेऊन डोंगर चढले. चढउतार तपकिरी रेषांनी, पाणी निळ्या आणि माणसाचे बांधकाम काळ्या रंगात दाखवले गेले. बारमाही नदीची रेघ अखंड; काही महिनेच वाहणाऱ्या ओढ्याची तुटक. त्या तुटक रेघेत एखाद्या घराचे भवितव्य असे!

१८८८ मध्ये पाटबंधाऱ्यांच्या पाहणीला मंजुरी मिळाली. पण पाहणीपायी जमिनीचे वाटप अडले, पश्चिमेच्या पुढाऱ्यांना धीर निघेना, आणि १८९० मध्ये पैसा बंद झाला. सगळ्या जमिनीला पुरेल इतके पाणी नाही, तुम्ही मुलांना कज्जेच वारशाने द्याल, असे पॉवेलने १८९३ साली लॉस एंजेलिसच्या परिषदेत बजावले. श्रोत्यांनी त्याची हुर्यो उडवली.

१९२२ मध्ये सात राज्यांसाठी कोलोरॅडोच्या पाण्याचा करार झाला, तोही भरघोस पाण्याच्या वर्षांचा हिशेब धरून. ती वाटणी आजही वादात आहे. वाचकहो, नकाशा उघडून पाहा: वायोमिंग आणि कोलोरॅडो ही राज्ये पट्टीने आखल्यासारखी चौकोनी दिसतात. नद्या मात्र त्यांच्या हद्दी ओलांडून, आपल्याच वळणाने वाहत आहेत.