घरगुती अंडी उबवणुकीतील आर्द्रता व्यवस्थापन : चंडीगडच्या तीन ऋतूंच्या आधारे

कोंबडीच्या सफल अंड्यातून पिलू बाहेर पडण्यास २१ दिवस लागतात. या काळात तापमान, आर्द्रता, वायुवीजन आणि अंडी फिरवणे या चार बाबी सांभाळाव्या लागतात. तापमानाकडे सर्वांचेच लक्ष असते. आर्द्रता मात्र ‘भांड्यात पाणी आहे ना’ एवढ्या चौकशीवर सोडून दिली जाते. विसाव्या-एकविसाव्या दिवशी कवचातच मेलेली, पूर्ण वाढ झालेली पिले हे या दुर्लक्षाचे नेहमीचे फलित होय. तीस अंड्यांची एक खेप वाया जाणे म्हणजे दोन-तीन गावठी कोंबड्यांनी एका विणीत दिलेली अंडी आणि तीन आठवड्यांचे श्रम गमावणे.

अंड्यातील पाणी कमी होणे आवश्यक का?

अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून प्राणवायू आत येतो, कर्बवायू आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. वाफ जितकी बाहेर जाते तितकी बोथट टोकाकडील हवेची पोकळी वाढते. कवच फोडण्यापूर्वी पिलू पहिला श्वास याच पोकळीतील हवेत घेते. म्हणून पहिल्या १८ दिवसांत अंड्याचे वजन सुमारे १२ टक्के घटणे इष्ट असते. घट कमी झाल्यास पोकळी अपुरी राहते आणि पिलू आतील द्रवात गुदमरते. घट जास्त झाल्यास पापुद्रा सुकून चिवट होतो व पिलाला चिकटतो.

पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस तापमानाला पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता सर्वसाधारणपणे योग्य मानली जाते.

बाहेरची आर्द्रता आणि यंत्रातील आर्द्रता

चंडीगड येथे केंद्रीय कुक्कुट विकास संघटनेचे उत्तर विभागीय केंद्र आहे. याच संघटनेचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबईच्या आरे वसाहतीत आहे. ही दोन शहरे हवामानाच्या दृष्टीने परस्परांपासून फार भिन्न आहेत. चंडीगडमध्ये मे-जूनमध्ये कोरडा उष्ण वारा, जुलै ते सप्टेंबर पावसाळा आणि डिसेंबर-जानेवारीत दाट धुके व कडाक्याची थंडी असते. आर्द्रतेचे गणित समजून घेण्यास हे तिन्ही ऋतू उपयुक्त आहेत.

हवा तापवली की तिची बाष्प धारण करण्याची क्षमता वाढते. बाष्प तेवढेच राहिले तर सापेक्ष आर्द्रता घसरते. पाणी न ठेवलेल्या यंत्रात बाहेरची हवा ३७.५ अंशांपर्यंत तापल्यावर काय होते, ते पुढील उदाहरणांवरून दिसेल.

• मे : बाहेर ३५ अंश व २५ टक्के आर्द्रता असल्यास यंत्रात सुमारे २२ टक्के.
• जुलै : बाहेर ३० अंश व ८५ टक्के असल्यास यंत्रात सुमारे ५६ टक्के.
• जानेवारी : बाहेर १० अंश व ९० टक्के असल्यास यंत्रात सुमारे १७ टक्के.

अंड्यांतून निघणाऱ्या वाफेने या आकड्यांत थोडी भर पडते. पण मूळ निष्कर्ष बदलत नाही. खिडकीवर दव साचवणारी जानेवारीची धुकट हवा यंत्रात शिरल्यावर मे महिन्यातील उन्हाळी हवेपेक्षाही कोरडी ठरते. ‘हवा दमट आहे, म्हणून पाणी कमी ठेवले’ हा निर्णय हिवाळ्यात म्हणूनच घातक ठरतो. उलट जुलैत सवयीने भांडे भरून ठेवल्यास आर्द्रता मर्यादेपलीकडे जाते. महाराष्ट्रातही हेच लागू पडते. विदर्भातील उन्हाळ्याचे गणित चंडीगडच्या मे महिन्यासारखे आहे. कोकणातील पावसाळ्यात, बाहेर २७ अंश व ९० टक्के आर्द्रता असता, पाण्याविनाही यंत्रात सुमारे ५० टक्के आर्द्रता राहते. म्हणून एका जिल्ह्यातील किंवा एका ऋतूतील पाण्याचे प्रमाण दुसरीकडे जसेच्या तसे सांगू नये.

मापन

स्वस्त आर्द्रतामापकावर पडताळणीशिवाय विसंबू नये. बाटलीच्या झाकणात खाण्याचे मीठ घेऊन ते ओलसर लगद्यासारखे होईल इतकेच पाणी घालावे. झाकण व आर्द्रतामापक हवाबंद डब्यात एकत्र ठेवून आठ-दहा तासांनी आकडा पाहावा. तो ७५ टक्क्यांच्या जवळ असावा. फरक आढळल्यास तेवढा पुढील प्रत्येक नोंदीत धरावा.

वेट बल्ब तापमापक वापरत असल्यास यंत्रातील ३७.५ अंशांना त्याची २९ अंशांची नोंद सुमारे ५३ टक्के, तर ३२ अंशांची नोंद सुमारे ६८ टक्के आर्द्रता दर्शवते. सुती वात स्वच्छ व ओली असावी आणि तिच्यावरून हवा वाहती असावी.

वजनकाट्याची साक्ष

सर्वांत विश्वसनीय निदर्शक स्वतः अंडेच आहे. प्रत्येकी ५० ग्रॅमची ३० अंडी म्हणजे १५०० ग्रॅम. यांची एकत्रित घट सहाव्या दिवशी ६० ग्रॅम, बाराव्या दिवशी १२० ग्रॅम आणि अठराव्या दिवशी १८० ग्रॅम असावी. तपासणीत निष्फळ अंडी काढून टाकल्यास त्यांचे आरंभीचे वजन मूळ बेरजेतून वजा करावे. त्यासाठी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने क्रमांक घालून वजन टिपावे.

सहाव्या दिवशी घट केवळ ३६ ग्रॅम असेल तर उरलेले १४४ ग्रॅम १२ दिवसांत, म्हणजे दररोज १२ ग्रॅम, कमी व्हावे लागतील. त्यासाठी पाणी कमी करावे. घट ९० ग्रॅम असेल तर दररोज ७.५ ग्रॅमच घट शिल्लक राहते. त्यासाठी पाण्याचा पृष्ठभाग वाढवावा. आर्द्रता भांड्याच्या खोलीवर नव्हे, पृष्ठभागावर अवलंबून असते. उथळ, पसरट भांडे किंवा पाण्यात उभा ठेवलेला स्पंज उपयोगी पडतो. पाणी कोमट घालावे. आर्द्रता टिकवण्यासाठी हवेची छिद्रे बंद करू नयेत. वाढत्या गर्भाची प्राणवायूची गरज दिवसेंदिवस वाढत असते.

शेवटचे तीन दिवस

अठराव्या दिवशी अंडी फिरवणे थांबवावे, आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्यावी आणि त्यानंतर झाकण शक्यतो उघडू नये. कवचाला टोच पडल्यावर झाकण उघडले तर दमट हवा क्षणात निघून जाते व पापुद्रा पिलाभोवती आवळला जातो. एका पिलाच्या मदतीसाठी केलेली ही घाई इतर पिलांच्या मुळावर येऊ शकते. सुकलेली पिले काही तास यंत्रात राहिली तरी चालते. पोटात शोषलेल्या बलकावर त्यांची गुजराण होते.

लक्षणांवरून निदान

पिले लहान, कोरडी, कवचाचे तुकडे चिकटलेली व वेळेआधी निघालेली असल्यास आर्द्रता कमी पडली असावी. पिले फुगीर पोटाची, चिकट द्रवाने माखलेली व बेंबी नीट न मिटलेली असल्यास ती जास्त झाली असावी. मात्र तापमान चढल्यासही पिले लवकर निघतात आणि ते कमी पडल्यासही पोट फुगीर राहते. म्हणून आर्द्रतेला दोष देण्यापूर्वी तापमापकाची खातरजमा करावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी पशुपालकांना प्रत्येक खेपेसाठी पाच नोंदी ठेवण्यास सांगावे : ऋतू, खोलीतील तापमान व आर्द्रता, यंत्रातील आर्द्रता, सहाव्या-बाराव्या-अठराव्या दिवसाचे वजन आणि निघालेल्या पिलांची संख्या. वर्षभरातील अशा नोंदींतून त्या घरासाठी व त्या यंत्रासाठी कोणत्या महिन्यात किती पाणी ठेवावे, याचे खात्रीचे कोष्टक तयार होते.