जुन्या व्हॅनला हवा पोलादी पीळ!

वळणावर कलणाऱ्या जुन्या गाडीला भंगारातला 'स्टॅबिलायझर' लावावा का? लावायचा तर काय बघून?

भिलाईतल्या कित्येक मराठी घरांचं माहेर किंवा सासर नागपूर-भंडाऱ्याकडे असतं. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि पोलाद कारखान्याच्या नोकरीसाठी देशभरातून माणसं आली. त्यात विदर्भातलीही होती. त्यांची मुलं-नातवंडं आता इथलीच झाली, पण सुट्टी लागली की राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा हा रस्ता काही सुटत नाही. पूर्वी तो राष्ट्रीय महामार्ग ६ होता, आता ५३ म्हणतात.

या रस्त्यावर आजही जुन्या मारुती व्हॅन दिसतात. १९८४ मध्ये आलेली ही गाडी १९८८ मध्ये 'ऑम्नी' झाली आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. सात-आठ माणसं, दोन बॅगा, फराळाचे डबे आणि टपावर वळकटी, सगळं पोटात घेणारी ही गुणी गाडी. दोष एकच, ती डोलते. आडवी सुमारे १,४१० मिलिमीटर आणि उंच सुमारे १,६४० मिलिमीटर, म्हणजे रुंदीपेक्षा उंची जास्त. चाकं बारा इंची. एखादा ट्रक घासून गेला किंवा वळण जरा जोरात घेतलं की मागच्या सीटवरच्या आजी पुढची सीट घट्ट धरतात आणि "अरे, सावकाश!" म्हणतात. केशकालच्या घाटातून बस्तरला जायचं म्हटलं तर उलटीच्या गोळ्या आधी बॅगेत जातात.

मग कुणीतरी सुचवतं, "भंगारातून एखादा स्टॅबिलायझर बार आणून लावा, गाडी रुळावर चालल्यासारखी चालेल."

सल्ला अगदीच चुकीचा नाही. पण अर्धवट आहे.

ओला टॉवेल आणि पोलादी दांडा

हा बार म्हणजे इंग्रजी 'यू' अक्षरासारखा वाकवलेला कमानीच्या पोलादाचा दांडा. त्याचा मधला भाग रबरी बुशांत बसवून गाडीच्या सांगाड्याला धरलेला असतो आणि दोन टोकं दोन चाकांच्या बाजूला जोडलेली असतात. ओला टॉवेल दोन्ही हातांत धरा. दोन्ही मनगटं एकाच दिशेने फिरवली तर टॉवेल नुसता फिरतो, उलट दिशांना फिरवली तर पिळला जातो. दांड्याचंही तसंच. दोन्ही चाकं गतिरोधकावर एकदम उचलली गेली तर तो निमूट फिरतो. वळणावर एक बाजू दबली आणि दुसरी उचलली गेली की त्याला पीळ बसतो. तो पीळ सोडवण्याच्या धडपडीत तो गाडी सरळ ठेवू बघतो.

ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी. कॅनडातल्या फ्रेडरिक्टन इथल्या स्टीफन कोलमन यांना १९१९ मध्ये तिचं पेटंट मिळालं. उंच, आखूड गाडीचं कलणं किती महागात पडतं, हे जगाने १९९७ मध्ये पाहिलं. स्वीडनमधल्या एका मोटार मासिकाने अचानक अडथळा चुकवण्याची चाचणी घेतली तेव्हा नवीकोरी मर्सिडीज 'ए-क्लास' उलटली. कंपनीला विक्री थांबवून गाडीच्या कमानींची रचना सुधारावी लागली, शिवाय घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही बसवावी लागली. मर्सिडीजची ही कथा, तर घरच्या व्हॅनवर प्रयोग करताना दोनदा विचार केलेला बरा.

आता हिशेबातली एक गंमत बघा. दांड्याचा ताठरपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १८ मिलिमीटरच्या जागी २० मिलिमीटरचा दांडा घातला, तर डोळ्यांना फरक दिसणारही नाही, पण ताठरपणा सुमारे दीडपट झालेला असतो. म्हणून "थोडा जाड असला तर काय बिघडलं?" हा दुकानदाराचा सवाल ऐकून न ऐकल्यासारखा करावा.

बिघडतं ते असं. दांडा गाडीचं वजन कमी करत नाही, वळणावर बाहेरच्या चाकांवर जाणारा भारही नाहीसा करत नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांत त्या भाराची वाटणी तेवढी बदलतो. पुढे ताठ दांडा असला तर गाडी वळायला जरा कुरकुरते. मागे जास्त ताठ दांडा बसवला तर ओल्या रस्त्यावर शेपूट निसटते, आणि निसटलेली शेपूट सावरणं घरगुती चालकाच्या हातचं काम नव्हे. केवळ मागे दांडा लावून मिळणाऱ्या ऐटीपेक्षा डोलणारी गाडी परवडली. शिवाय दांड्याने दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात, त्यामुळे एका बाजूच्या खड्ड्याचा दणका दुसऱ्या बाजूलाही पोचतो.

त्याआधी फुकटचे उपाय करून पाहावेत. टायरमधली हवा, थकलेले शॉकअप, बसलेले पाटे आणि टपावरचं कॅरिअर या चारांतच निम्मं डोलणं असतं. टपावरची वळकटी सीटखाली गेली, तरी आजींना फरक कळतो.

भंगारात काय बघावं?

हे करूनही दांडा हवाच असेल, तर जुना घ्यायला हरकत नाही. पोलाद काही शिळं होत नाही. मात्र तो त्याच गाडीचा, त्याच घडणीचा असावा. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक फरक असतो, म्हणून आधी आपल्या गाडीखाली वाकून बघावं. दांडा बसवायची भोकं, कान किंवा आधार कारखान्यातूनच दिलेले आहेत का? नसतील, तर पातळ पत्र्याला भोक पाडून बोल्ट कसणारा मिस्त्री टाळावा. असा आधार नेमका वळणावरच फाटतो.

दांडा सपाट फरशीवर ठेवावा. दोन्ही टोकं सारखी टेकली नाहीत, तर तो अपघातातल्या गाडीचा आहे असं समजावं. जिथे बुश बसतो तिथला गंज पॉलिश पेपरने घासून पाहावा. वरवरचा तांबूसपणा चालेल, पण नखाला लागणारे खड्डे दिसले तर तिथूनच पुढे तडा जातो. वेल्डिंगची खूण किंवा गरम करून वाकवल्याची निळसर झाक दिसली, तर फुकट मिळाला तरी घेऊ नये. कमानीच्या पोलादाला जो पाणी देऊन गुण आणलेला असतो, तो गॅसच्या ज्योतीने जातो. भिलाईत वेल्डर गल्लोगल्ली, आणि चांगले हात असलेले. पण हे काम त्यांचं नव्हे.

दांडा जुना, पण बुश आणि टोकांचे लिंक मात्र नवे. इथे काटकसर करणारे पुढे महिनाभर खालून येणारा 'टकटक' आवाज ऐकत बसतात. बुशाला साधं ग्रीस चोपडू नये, त्याने रबर फुगतं. साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस चालतं.

बसवताना एकच चाक जॅकवर उचललं तर दांडा पिळलेला राहतो आणि बोल्ट सुटताना हाताला झटका देतो. दोन्ही चाकं सारखी उचलावीत, खाली भक्कम स्टँड असावेत, नुसत्या जॅकवर विसंबून कुणी गाडीखाली शिरू नये. शेवटची कसणी गाडी चाकांवर उभी असताना. मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून दांडा ब्रेकच्या नळीला, सायलेन्सरला किंवा टायरला घासत नाही ना, ते बघावं.

कागदपत्रांचंही विसरू नये. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी होऊन नूतनीकरण. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ रचनेविरुद्ध गाडीत बदल करण्यावर बोट ठेवलं. कंपनीने त्याच गाडीसाठी घडवलेला सुटा भाग आणि कुठल्या तरी जीपचा कापून जोडलेला दांडा, यांत तपासणीला फरक पडतो. आधार वेल्ड करून घ्यायचा असेल तर परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीत आधी विचारलेलं बरं.

पहिली चक्कर रिकाम्या गाडीने, रविवारी सकाळी, सेक्टरच्या रुंद रस्त्यांवर, सावकाश. मग भरलेल्या गाडीने, आणि पावसाने रस्ता भिजला असताना जास्तच जपून. शंभरेक किलोमीटर झाले की सगळे बोल्ट पुन्हा पान्याने तपासायचे. ते झाल्यावरच नागपूरचा बेत.