इलेक्ट्रिक कार चालवायला स्वस्त, पण विकताना काय?

इलेक्ट्रिक कारचा विचार करताना बहुतेक जण पेट्रोलची बचत मोजतात. मात्र गाडीचा खरा खर्च ती विकल्यावरच कळतो. घेतलेली किंमत आणि विकून हाती आलेली रक्कम यांतला फरक, म्हणजेच घसारा, अनेकदा इंधनापेक्षा मोठा असतो.

रोजच्या वापरात किती वाचते?

पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि गाडीची सरासरी १५ किलोमीटर धरली, तर किलोमीटरला ७ रुपये लागतात. इलेक्ट्रिक कार एका युनिटमध्ये साधारण ६ किलोमीटर जाते. घरची वीज १० रुपये युनिट धरल्यास खर्च पावणेदोन रुपयांच्या आत राहतो. सार्वजनिक जलद चार्जरवर युनिटला २४ रुपये मोजावे लागले, तर तोच खर्च ४ रुपयांवर जातो. त्यामुळे पार्किंगमध्ये स्वतःचा चार्जर आहे की नाही, यावर बरेच गणित ठरते.

महिन्याला हजार किलोमीटर चालवल्यास घरच्या बिलात सुमारे १६५ युनिटची भर पडते. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनुसार वाढतात. म्हणून ही भर वरच्या टप्प्यात जाते का, हे आधी पाहावे.

मग तोटा कुठे होतो?

उदाहरणादाखल १५ लाखांची इलेक्ट्रिक आणि १२ लाखांची पेट्रोल कार घेऊ. पाच वर्षांनी पहिलीला ४० टक्के आणि दुसरीला ५५ टक्के किंमत मिळाली, तर घसारा अनुक्रमे ९ लाख आणि ५ लाख ४० हजार होतो. फरक ३ लाख ६० हजारांचा.

वर्षाला १२ हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीची, घरी चार्जिंग करून, पाच वर्षांतील इंधनबचत सुमारे ३ लाख २० हजार होते. म्हणजे बचत घसाऱ्यातच जिरते. सार्वजनिक चार्जरवर अवलंबून राहिल्यास बचत १ लाख ८० हजारच. पण वर्षाला २० हजार किलोमीटर धावल्यास ती ५ लाख ३० हजारांवर जाते आणि इलेक्ट्रिक कार स्पष्टपणे परवडते.

जुन्या गाडीला भाव कमी का?

पहिले कारण बॅटरी. गाडीतला हा सर्वांत महाग भाग, पण तिची झीज बाहेरून दिसत नाही. धोका दिसत नसला की ग्राहक भाव पाडून मागतो.

दुसरे कारण नव्या गाड्यांची घसरती किंमत. टाटाने सप्टेंबर २०२४ मध्ये नेक्सॉन ईव्हीची किंमत ३ लाखांपर्यंत कमी केली होती. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव आपोआप उतरतो. शिवाय २०२० च्या नेक्सॉन ईव्हीत ३०.२ किलोवॅट-तासांची बॅटरी होती, २०२४ मध्ये ४५ ची आली. जास्त पल्ल्याची नवी गाडी समोर असताना जुनी मागे पडते.

हे भारतापुरते नाही. टेस्लाने २०२३ मध्ये दर घटवल्यानंतर जुन्या टेस्लांचे भाव कोसळले. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील हर्ट्झ या भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीने सुमारे २० हजार इलेक्ट्रिक गाड्या विकायला काढल्या.

करांचा परिणाम काय?

नव्या इलेक्ट्रिक कारवर ५ टक्के जीएसटी आहे. जुनी कार नोंदणीकृत विक्रेत्याकडून घेतल्यास त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. दोन व्यक्तींमधील थेट व्यवहारावर तो लागत नाही. तृतीय पक्ष विम्याच्या हप्त्यात इलेक्ट्रिक गाड्यांना १५ टक्के सवलत आहे. मात्र गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा किमतीवर ठरतो, त्यामुळे महाग गाडीचा तो हप्ता वाढतो.

जुनी घेणाऱ्याने काय पाहावे?

विकणाऱ्याचा तोटा हीच घेणाऱ्याची संधी. त्यासाठी चार गोष्टी तपासाव्यात.

- अधिकृत सेवा केंद्रातून बॅटरीच्या क्षमतेचा लेखी अहवाल.
- वॉरंटी दुसऱ्या मालकाला मिळते का. अनेक गाड्यांवर ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी असते. ‘आजीवन’ वॉरंटी मात्र बहुधा पहिल्या मालकापुरतीच.
- बॅटरी भाडेकराराची आहे का. एमजी विंडसरसारख्या गाड्यांत हा पर्याय आहे.
- पूर्ण चार्जवर प्रत्यक्ष पल्ला किती मिळतो.

थोडक्यात, रोज लांबचा प्रवास, घरी चार्जर आणि गाडी सात-आठ वर्षे ठेवण्याची तयारी असेल, तर नवी इलेक्ट्रिक कार फायद्याची. दर तीन-चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्याने मात्र आधी घसाऱ्याचा हिशेब मांडावा.